सुट्टे

शनिवारी रात्री साडेनवाला
प्रतिभाताई ताम्हाणे जेवणाच्या टेबलावर सोलापुरी चादर अंथरतात,
कोपऱ्यांना कपड्यांचे चिमटे लावतात,
म्हणजे नाणं पडलं तरी खालच्या सावेंना ऐकू जात नाही.
कन्नमवार नगर, तिसरा मजला, पंखा एकवर.
दोनवर केला की नोटा उडतात.

एकतीस वर्षं कॅशियर होत्या ताई.
अजून ओल्या स्पंजवर बोट टेकवल्याशिवाय मोजत नाहीत.
बिस्किटांच्या निळ्या डब्यात आमची पेढी:
पाचशेची आत, सुट्टे बाहेर,
दहाच्या, वीसच्या, आणि पन्नासची एक, जिच्यावर कुणीतरी
शाईने लिहिलंय, ‘कमल, सोमवारी ये.’
तीन वर्षं ती नोट आम्हा पाच जणांतच फिरतेय.
कमल गेली की नाही, कळायला मार्ग नाही.

इम्तियाज दिवसभर लाद्या बसवतो,
पत्तेही सांधा धरून मांडतो.
एल्विन पिसताना एक तरी पान खाली पाडतो.
हरेश्वर वैती अखंड बोलतो,
आणि हातात एक्का आला की गप्प होतो.
हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

एकदा एल्विनच्या मेव्हण्याने आम्हाला स्पर्धेला नेलं,
पणजीला, नदीतल्या बोटीवर.
बसल्या बसल्या मला दहा हजार मिळाले,
गोल, गुळगुळीत.
त्यात कटिंग चहासुद्धा येत नव्हता.
भिंतीवर घड्याळ. वीस मिनिटांनी घंटा,
घंटा झाली की नुसतं बसायचं भाडं दुप्पट.
पान येवो न येवो, घड्याळ ढोसत राहतं.
मी त्रेचाळिसावा गेलो, नव्व्यांच्या जोडीवर.
उठलो तर उरलेल्यांनी टाळ्या वाजवल्या,
आणि काळं जाकीट घातलेल्या पोराने
माझी पाठ वळायच्या आत
खुर्ची उचलून नेली.

परतीच्या बसमध्ये हरेश्वर म्हणत होता,
अरे, पण जिंकणाऱ्याला चार लाख!
हो. एकाला.

मला आपली ही सुट्ट्यांची बाजी बरी.
इथे दहा म्हणजे दहा,
सकाळी त्याची कोथिंबीर येते.
झोप आली की उठावं, चप्पल शोधावी.
हरलो तर आणखी एक पाचशेची काढावी,
ताई काही विचारत नाहीत, वहीत आकडा टाकतात.
खुर्च्या मोजून पाच, त्यातली एक प्लास्टिकची.
उठून गेलो तरी ती तिथेच असते,
पुढच्या शनिवारपर्यंत तिच्यावर इस्त्रीचे कपडे.

मार्चमध्ये हरेश्वरची कंपनी बंद पडली.
त्याने सांगितलं नाही. सावेंकडून कळलं.
त्या शनिवारी तो दोनशे घेऊन आला, सगळ्या दहाच्या,
आणि नेहमीपेक्षा जास्त बोलला:
पाण्याची टाकी, लिफ्टची वर्गणी, जावयाची नवी गाडी.
साडेअकराच्या सुमाराला गप्प झाला.
होतं नव्हतं ते मध्ये सरकवलं.
एल्विनने पानं टाकली, ताईंनी टाकली,
इम्तियाज आधीच गॅलरीत सिगारेट ओढत होता.

माझ्याकडे तीन दश्श्या होत्या.

बोटीवर मी काय केलं असतं, मला माहीत आहे.
तिथे समोरचा उठल्याशिवाय
आपण एक पायरी वर सरकत नाही.
मी पालथी पानं गड्डीत सारली
आणि म्हणालो, घे बाबा, काही नाही माझ्याकडे.
चादरीवरून त्याने दोन्ही हातांनी गोळा केले,
कमलची नोट निवडून शर्टाच्या खिशात ठेवली,
बाकीच्या ताईंनी मोजल्या. दोनदा.

जिन्यात दुसऱ्या मजल्याचा दिवा गेलेला.
तो पुढे, मी मागे, कठडा धरून.
‘तुझ्याकडे चांगलं पान असलं ना,’ तो म्हणाला,
‘की तू कान खाजवतोस.
सगळ्यांना माहीत आहे.’
मी काही बोललो नाही.
तो मात्र पुन्हा सुरू झाला,
टाकीबद्दल, थेट तळमजल्यापर्यंत.