दिवा बाजूला घे

"समोरून मारू नकोस," फणसेकाका म्हणाले,
"समोरचा उजेड नाक खातो.
मग आम्ही बसायचो रात्रभर
पेन्सिलीने नाक परत उगवत."

दांडिया बाजार, दुसरा मजला, सहाला पाच कमी.
खाली सेव-उसळवाल्याने लाल रश्शाचं झाकण काढलंय,
त्याचा ठसका जिना चढून वर येतो
आणि ट्रायपॉडशेजारी उभा राहतो.

मी फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून उतरवते.
वाळूची पिशवी अलकापुरीतच राहिली,
म्हणून स्टँडच्या पायाला काकांच्याच घरातले
पाच किलो तांदूळ.
छत्री पांढरी. पंचेचाळीस अंश म्हणतात,
पण मध्ये कपाट आहे,
तेव्हा जमेल तेवढे.

आधी एक फोटो फ्लॅशशिवाय.
खोली तळाला गेलेली,
खिडकीत सूरसागरावरचं आभाळ तेवढं
जांभळाच्या सालीएवढं शिल्लक.
संध्याकाळ किती ठेवायची ते शटर ठरवतं,
वीज किती प्यायची ते भिंगाचं छिद्र.
हे मी दर रविवारी पोरांना शिकवते
आणि दर वेळी क्षणभर उलटं आठवतं.

दोनशेच्या वर गेले, तर खालच्या कडेला काळी पट्टी:
पडदा अर्धाच सरकलेला
आणि वीज येऊन गेलेलीसुद्धा.
"आमच्या मंडळाच्या नाटकात हेच व्हायचं," काका म्हणाले,
"राजा दिसायचा नाही, नुसते जोडे."

ट्रिगर तीन नंबरवर, रिसीव्हर एकवर.
सोयरीक मोडलेल्या दोन घरांसारखे
दहा मिनिटं एकमेकांशी बोलेनात.
शेजारची ध्वनि छत्रीचा दांडा धरून विचारत राहिली,
"हवे बराबर, दीदी?"

मोतीबिंदू काढून दीड महिना झालाय,
म्हणून ताकद अगदी खाली, सोळावा हिस्सा.
"म्हणजे रुपयातला आणा," काका म्हणाले,
आणि हनुवटी वर करून बसले
चोपन्न वर्षं दुसऱ्यांना बसवलं तसे.

सात फोटो झाले. सातही बरे.
सातांतही ते कुणाची तरी वाट बघत होते.

आठव्याला ध्वनिचा हात दुखला.
छत्री निसटली, फ्लॅश भिंतीकडे मान टाकून
तसाच उडाला.

स्क्रीनवर काकांचा एक कान, बाकी अंधार.
आणि खिडकीच्या चौकटीपासून हातभर भिंत
आडव्या उजेडात शहारलेली:
ठिपके. बारीक, चकाकते, दाट,
एकावर एक,
मुंग्यांनी कधीतरी गाव वसवलं असावं तसे.

काकांनी कॅमेरा नाकाजवळ नेला, मग लांब,
नव्या डोळ्यांना अजून अंतर कळत नाही.

"टोक बघायचो इथे," ते म्हणाले.
"काचकागदावर घासायचं, भिंतीला टेकवायचं,
जड पडलं की पुन्हा घासायचं,
मगच निगेटिव्हला हात."
थांबले.
"या कोपऱ्याला मी रंग लावू देत नाही.
का, ते मलाच आठवत नव्हतं."

मी त्या भिंतीकडे तासभर बघत होते,
मागची जागा म्हणून.
किती डाग कमी पडतात, एवढंच मोजत.

कुणाचा देवीचा वण गेला असेल या ठिपक्यानंतर,
कुणा नवरीच्या ओठावरचा जखमेचा बारीक दोरा,
कुणाची झोप न झालेली डोळ्यांखालची कातडी.
ते सगळे नितळ होऊन फ्रेमांत गेले,
कुठल्या कुठल्या दिवाणखान्यांत.
टोकं इथे राहिली.

फ्लॅश पुन्हा भरताना बारीक शिट्टी घालतो.
तेवढ्यात काका खुर्चीवरून उठले,
खुर्ची पायाने सरकवली,
भिंतीपाशी गेले
आणि उजव्या हाताचं बोट, शिस असल्यासारखं,
हलकंच टेकवलं.

"छत्री काढून टाक," म्हणाले,
"दिवा अजून खाली घे, भिंतीला चिकटून.
आणि आणा पुरत नाही गं,
दोन कर.
डोळ्यांचं माझं मी बघतो."