पाठ

स्पाल्डिंगच्या पुढे जमीन इतकी सपाट
की दोन गावं पलीकडच्या चर्चचं टोक
अर्धा तास समोर दिसत राहतं.
मागून काय येतंय ते मात्र नाही.

पहाटे सव्वाचारला मी निघते, फ्लॉवर बांधायच्या शेडवर.
एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला कालवा,
मधे रस्ता,
बीटचे ट्रक जाऊन जाऊन बशीसारखा खचलेला.

शनिवारी गावच्या हॉलमध्ये मिस्टर थर्ल्बींचा वर्ग असतो.
फुकट. वर एक पिवळं जाकीट मिळतं,
म्हणून आम्ही अकरा जण; त्यातले नऊ लिथुएनियाचे.
त्यांनी फळ्यावर चौक काढला, चौकावर फुल्या मारल्या.
"इथे होतात अपघात," म्हणाले, "वळणाऱ्या गाडीपुढे,
उघडणाऱ्या दारापुढे,
'अरेच्चा, दिसलाच नाहीत' म्हणणाऱ्यापुढे.
मागून फार थोडे.
तुमची भीती चुकीच्या दिशेला तोंड करून बसली आहे."

बत्तीस वर्षं विमा कंपनीत आकडेमोड केलेला माणूस.
मी वहीत उतरवून घेतलं. पाठ केलं.
शेवटी हात वर करून विचारलं,
सर, माझ्या रस्त्यावर चौकच नाही, त्याचं काय?
आणि जे मेले नाहीत, नुसते घाबरले,
ते कुठल्या रकान्यात?
ते हसले. म्हणाले, "घाबरणं कोणी नोंदवत नाही, जुर्गिता."

सोमवारी पुन्हा तो आवाज.
आधी पाइपात अडकलेल्या माशीएवढा,
मग हँडलमध्ये, मग दाढेत.
पाठीला डोळे नसतात हे खरं,
पण मणक्याच्या मण्यामण्याला कान असतो.
मी पाठ केलेलं म्हणते. मागून फार थोडे. मागून फार थोडे.
आत कोण असेल?
झोपेतून उठून आलेला, की झोपायला निघालेला?
मांडीवर सँडविच उलगडतोय का?
समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत मला बघता येतं,
त्याला मी दिसले की नाही ते कळतं.
ह्याला मात्र मी
माझा जीव चार सेकंद उसना देते, न मागता,
आणि तो परत करून जातो
घेतला होता हे न कळता.

वारा ढकलतो, मग ओढतो. ओल्या मातीचा वास.
एक बीट गडगडत येऊन कालव्यात पडतं.
त्यानंतरची शांतता
मला कोणत्याही रकान्यात घालता आलेली नाही.

नोव्हेंबरात माझी साखळी तुटली,
तेव्हा रिमांतासच्या व्हॅनमधून घरी येत होते.
पुढे एक लाल दिवा, पिवळं जाकीट,
वाकलेली लांबुडकी पाठ. ओळखली मी.
"हळू," म्हटलं, "ओलांडू नकोस. घाबरतील."
रिमांतास भला माणूस. मागे राहिला.
पन्नास पावलांवर, तीस पावलांवर,
सगळा उजेड त्या एकाच पाठीवर सांडत.

आणि मी पाहिलं:
थर्ल्बी सरांचे खांदे कानांकडे चढले,
अंगुळभर, मग आणखी अंगुळभर.
चाक डुगडुगलं.
बत्तीस वर्षांचे आकडे सायकलवरून उतरले
आणि कडेच्या गवतात उभे राहिले.
मागे वळून पाहिलं नाही त्यांनी.
फक्त हात हलवला:
जा, जा, तुम्ही व्हा पुढे.

आम्ही गेलो.
आरशात ते बराच वेळ तसेच, चष्मा पुसत.
"कोण होता म्हातारा?" रिमांतासने विचारलं.
"आमचे सर," मी म्हटलं. "सायकल शिकवतात."
"चांगली शिकवतात?"
"हो," मी म्हटलं. "खूप चांगली."

फाट्यावर पुढेमागे चिटपाखरू नव्हतं.
तरी त्याने इंडिकेटर दिला,
आणि वळून झाल्यावरही
तो बराच वेळ टिकटिकत राहिला.