सामाईक

रबाळ्याच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर,
मी पाहुण्यांसाठी जागा काढून ठेवते.
आईला सांगितलं तर म्हणाली,
म्हणजे लॉजिंग-बोर्डिंग?
तसंच काहीसं.

पाहुणा म्हणजे एक अख्खं यंत्र, यंत्राच्या पोटात.
चार जीबी मागतो. मी म्हणते, घे.
तो लगेच शून्यापासून मोजायला लागतो,
जणू जमीन त्याच्यापासूनच सुरू झाली.
त्याला कोण सांगणार, की तो माझ्या प्रोसेसच्या
कुठल्यातरी मधल्याच पत्त्यावर राहतो,
आणि त्यातली निम्मी पानं अजून रॅममध्ये आलेलीही नाहीत.
हात लागेल तेव्हा पान मिळेल,
तोवर नुसता शब्द.
आमच्या गोठिवलीत याला साडेबारा टक्के म्हणतात.

मंगळवारपासून नेटवर्क मुकं.
पाहुणा पाकीट भरतो, रांगेत ठेवतो, घंटी वाजवतो.
पलीकडच्या प्रोसेसमधला पोस्टमन
(अन्वर मुकादमने लिहिलेला; अन्वर कौशाहून येतो, बाइकवर)
घंटी ऐकून उठतो, बरोबर त्याच पानावर जातो
आणि त्याला दिसतात शून्यं.
ओळीने शून्यं.
"तुझा पाहुणा काही लिहीतच नाही."
"तुझा पोस्टमन आंधळा आहे."
तीन रात्री हेच.
खाली जनरेटरची चाचणी, वर आम्ही दोघं,
एकमेकांच्या लॉगवर बोट ठेवून.
माझ्या डब्यातली जवळ्याची चटणी
तेवढी भांडणाविना संपायची.

चौथ्या रात्री मी ती ओळ पुन्हा वाचली,
मार्चमध्ये घाईत दुसरीकडून उचलून चिकटवलेली.
मॅपिंग: प्रायव्हेट.

फाइल दोघांचीच होती.
पण पाहुण्याने लिहायला पेन टेकवलं
की कर्नल निमूट त्या पानाची झेरॉक्स काढून हातात द्यायचा.
तो झेरॉक्सवर लिहायचा, मनापासून, शुद्ध अक्षरात.
मूळ पान कोरं.
पोस्टमन मूळ पान वाचायचा.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.

हसुराम काका सात-बाराची झेरॉक्स
दुधाच्या पिशवीत घालून फिरायचा.
त्यावर 'सामाईक' या शब्दाखाली
निळ्या बॉलपेनने तिन्ही बहिणींची नावं.
मी घातलीत नावं, तो म्हणायचा,
लग्नात, दहाव्याला, नाक्यावर, शपथेवर.
घातली होती खरंच.
तलाठ्याच्या कपाटातल्या वहीला
कधी कळलंच नाही.
बामाआत्या त्याच्याशी अकरा वर्षं बोलली नाही,
आणि तो गेला तो बहीण कृतघ्न म्हणत.

एक शब्द बदलला.
प्रायव्हेटच्या जागी शेअर्ड.
मग पुन्हा फाइल उघडली, जिला कुठल्याच फोल्डरमध्ये नाव नाही;
आकाराला सील लावलं,
आता ती कुणालाच आखडता येणार नाही, मलाही नाही;
आणि सॉकेटमधून तिचं टोक अन्वरच्या हाती दिलं.
माझ्याकडे तिचा नंबर नऊ, त्याच्याकडे चौदा.
नंबरावरून भांडायचं नसतं. वस्तू एकच.

पावणेचारला पहिलं पाकीट गेलं.
"आलं," अन्वर म्हणाला, मान वर न करता.
मग जरा वेळाने, "आता माझ्या पोस्टमनला
तुझ्या पाहुण्याचं सगळं दिसणार. पासवर्डसुद्धा."
हो, म्हटलं.
सामाईकमध्ये तेही आलं.

उजाडल्यावर दिव्याला बामाआत्याला फोन लावला.
कशासाठी ते मला सांगता येईना.
वही, पान, झेरॉक्स,
तिला काय सांगणार होते मी?
ती थोडी थांबली.
मग म्हणाली, जवळा संपला का गो?
पाठवते.