गाठ

रेंजरबाई आल्या तेव्हा गणिताचा तास चालू होता,
म्हणून त्या न बोलताच आवडल्या.
हिरवा गणवेश, पोटरीपर्यंत चिखल,
दोघांनी उचलून आणलेली पत्र्याची पेटी.
नाव कबासिंगुझी. पण आमच्या बुन्योरोत
नाव मागाहून येतं. आधी विचारतात एम्पाको,
लाडाचं नाव, ठरलेल्या मोजक्यांतलं एक.
बाकाबाकाशी थांबून त्यांनी पासष्ट जणांना विचारलं.
"अत्येनी." "अकीकी." "अमूती."
मी म्हणालो, "अराली."
"मी अब्वोली," त्या पासष्ट वेळा म्हणाल्या,
दर वेळी आत्ताच आठवल्यासारखं.

पेटीतून निघाली पाणघोड्याची दाढ,
पिवळी, आजोबांच्या दातासारखी, फक्त वहीएवढी.
साळिंदराचे काटे. एक बिनशिंगांची कवटी.
"कोब. मादी," त्या म्हणाल्या. "पोटात पिल्लू होतं."

मग फळ्यावर नदी काढली.
अलीकडे शाळा, पलीकडे काहीच नाही.
त्या काहीच नाहीवर त्यांनी खडूने ठिपके दिले.
"इथे गावं होती.
झोपेचा रोग आला, माशीतून.
गोऱ्या साहेबाने माणसं उठवली.
रोग गेला. माणसांना परत बोलवायचं राहून गेलं.
आले ते हत्ती."
हसायचं की नाही कळेना, म्हणून मास्तरांकडे पाहिलं.
मास्तर खिडकीबाहेर पाहत होते.

न्याकाइसिकी उभी राहिली, जी कधीच उभी राहत नाही.
"माझे पणजोबा तिथे पुरलेत.
आईला जायचं तर तिकीट का लागतं?"

बाई बराच वेळ बोटांवरचा खडू पुसत राहिल्या.
"माझेही तिथेच आहेत. चिंचेखाली.
मला तिकीट लागत नाही.
रजिस्टरात कारण लिहावं लागतं.
मी लिहिते, गस्त."

शेवटी फासा.
"हा त्या कवटीच्या गळ्यात होता," म्हणाल्या,
आणि पहिल्या बाकावर दिला, हातोहात फिरवायला.
मुलांनी मनगटात घालून पाहिला, ओढून पाहिला,
एकाने जीभ बाहेर काढून मेल्याचं सोंग केलं.
माझ्यापर्यंत आला तेव्हा कोमट झाला होता.

सायकलच्या ब्रेकची तार.
तीन वेढे, मग शेपूट उलटं दुमडून आत खोचलेलं.

ही गाठ आमच्या शेळीच्या दाव्याला आहे.
आईच्या वाळणाच्या दोरीला आहे.
माझ्या दप्तराचा तुटलेला पट्टा
मागच्याच महिन्यात बाबांनी जोडून दिला,
तो आता बाकावर होता, सगळ्यांसमोर.

मी दप्तर पायाने खाली ढकललं.
ते पडलं. डबा वाजला.
आज डबा रिकामाच होता, म्हणून जास्त वाजला.

बाई आल्या. वाकल्या. दप्तर उचललं,
पट्टा हातात धरला, अंगठा गाठीवरून फिरला
एकदा, आणि परत.
"छान बांधलंय," म्हणाल्या. "सुटणार नाही."
मग फासा माझ्या हातातून घेतला
आणि पुढच्या बाकावर दिला.
माझं एम्पाको त्यांनी पुन्हा घेतलं नाही.
बाकीच्यांचं निघताना सगळ्यांचं घेतलं.

संध्याकाळी बाबा घ्यायला आले.
शाळेपासून घरापर्यंत उतार आहे.
आमच्या सायकलला ब्रेक नाही, कधीपासून नाही
ते मी कधी विचारलं नव्हतं.
बाबा पाय घासत थांबवतात.
टायरच्या वहाणेची टाच झिजून
जमीन दिसते मधून.

मी मागे बसलो, त्यांचा सदरा मुठीत धरला.
"कोण आलं होतं म्हणे शाळेत?"
"कोणी नाही. पाणघोड्याची दाढ."
ते हसले. पाठ हसली, ते मला सदऱ्यातून कळलं.

मोठ्या वळणाआधी त्यांनी पाय टेकवला,
धूळ उडाली, खडे उडाले,
आणि मी पहिल्यांदाच
माझाही पाय खाली सोडला.