गट चौदा

लिएपायात नोव्हेंबरात चार वाजताच अंधार पडतो.
स्कैद्रीतेला त्याचं काही नाही.
ग्रंथालयातले दिवे ती माझ्यासाठी लावते
आणि विचारते, "लागले का?"

कोपऱ्यात ब्रेल छापायचं यंत्र.
सत्तावीस किलोंचं, चालू झालं
की हवालदार टाचा आपटत जिना उतरतोय असं वाटतं.
त्याची भाषा समजणारी प्रणाली कंपनीनं कधीच वाऱ्यावर सोडली,
आणि तिला सांभाळणारा संगणक
गेल्या मंगळवारी धूर सोडून गेला.

म्हणून मी नव्या यंत्राच्या पोटात
जुन्या यंत्राचं सोंग उभं करतोय.
नसलेला प्रोसेसर, नसलेली मेमरी,
आणि त्यात राहायला येणारी ती म्हातारी प्रणाली,
जिला साल कोणतं ते कुणी सांगायचं नाही.
आमच्या धंद्यात तिला पाहुणी म्हणतात.
खरं लोखंड तो यजमान.

पाहुणीला सोंगाचं बरंच चालतं:
सोंगाची डिस्क, सोंगाचा पडदा,
घड्याळसुद्धा.
पण कागदाला टोचणारी सुई खरी,
तेव्हा सुईकडे जाणारं पोर्टही खरं लागतं.
ते यजमानाच्या मुठीतून सोडवून
तिच्या हातात द्यायचं.

तर आधी झडती.
बायोसमध्ये एक बारीकशी ओळ बंद होती, ती चालू केली.
मग एकेका उपकरणाला विचारत गेलो:
तू कोण, कुणाच्या ताब्यात,
तू गेलास तर इथं कुणाचं अडेल?
ग्राफिक्स कार्ड घरीच राहू दे.
नेटवर्कवर सगळ्या पुस्तकांची यादी, त्याला हात नको.
यूएसबीची एक शाखा मोकळी, पण आपल्या कामाची नाही.
पॅरलल पोर्टचं कार्ड: गट चौदा.
आणि गट चौदातच
साउंड कार्ड.

गटातलं एकच देता येत नाही.
एका माळेचे मणी, ओढाल तर सगळे येतील.

मी कीबोर्डवरून हात उचलले.
स्कैद्रीते म्हणाली, "टंकायचा थांबलास. म्हणजे वाईट बातमी."
तिचा संगणक तिच्याशी बोलतो तेव्हाच तो तिला दिसतो,
आणि तो बोलतो त्या साउंड कार्डातून.
सांगून टाकलं: छापायचं असेल तेवढा वेळ
यजमान मुका होईल.

"पाहुणी आली म्हणून घरच्यानं तोंड मिटायचं?
माझ्या सासूच्या घरी असंच चालायचं."
मग जरा थांबून,
"कार्ड उचलून दुसरीकडे बसवता येतं ना?
की तेही सोंगाचंच आहे?"

तीन तास मी पडद्यावर गट मोजत होतो.

पेटी उघडली. मी खिशात टॉर्च चाचपतोय
तोवर तिची बोटं आत पोचलेली:
"इथे एक. इथे दुसरं, धूळ किती रे.
ही खाच रिकामी. आणि पार टोकाला आणखी एक."
टोकाच्या खाचेत कार्ड तिनेच बसवलं,
कट्‌ आवाज झाला तेव्हा मान हलवली.

आता गट एकोणीस. कार्ड एकटं.
पाहुणी जागी झाली आणि तिनं जाहीर केलं
की नवीन हार्डवेअर सापडलं आहे.
पंचवीस वर्षांचं कार्ड!
तिकडे यजमान आपल्या सपाट आवाजात
वेळ सांगत होता, सात वाजून दहा मिनिटं,
कुणीही न विचारता.

हवालदार जिना उतरला.
कपातला चमचा किणकिणला, एक ओळ बाहेर आली.
तिनं बोट फिरवलं, परत फिरवलं.
"तुझं नाव छापलंस?"
हो म्हटलं, दुसरं काही सुचलं नाही.
"गिर्त्स आहेस ना तू? इथे भलताच कुणी आलाय.
पहिलंच अक्षर चुकलंय."

"ते पोर्टमुळे नाही," मी म्हणालो.
"मी कुठे पोर्टला दोष दिला?"

अक्षरांचा तक्ता उघडला.
बाहेर कोपऱ्यावर ट्राम वळली, तिनं घंटा दिली.
स्कैद्रीते कोट चढवत होती.
"निघताना दिवे मालव," म्हणाली,
"म्हणजे, लागले असतील तर."