टोपण

खोका उघडला तर आत सहाराची धूळ,
समुद्र ओलांडून आलेली,
पंख्याच्या पात्यांवर विटकरी साय धरलेली.
एदेर्सन म्हणाला, "अदेल्झिराताई, हे मशीन माझ्याहून वयानं मोठं."
मी म्हटलं, "कामानंही मोठं. हात चालव."

चर्चमागची ही खोली. सिदाद वेल्यातला चौक
खिडकीतून दिसतो, आणि चौकातला पांढरा खांब,
ज्याला माणसं बांधून फटके मारत.
आता तिथे मुलं बर्फगोळा खातात, खांबाला टेकून.
खोलीत मी, आणि ऐंशी जीबीची डिस्क,
गळ्यापर्यंत भरलेली.
बाप्तिस्म्याच्या वह्यांचं एकेक पान काचेवर पालथं घालता घालता
आठवी वही अर्ध्यावर आली
आणि पडद्यावर लाल पट्टी: जागा नाही.

दुसरी डिस्क प्रायाच्या बाजारातून आणली. जुनीच, एकशेसाठची.
विकणारी म्हणाली, चालते.
मी कानाशी धरून हलवली,
नारळ हलवतात तशी.

एकाच रुंद करड्या केबलवर दोघींनी बसायचं.
डिस्कच्या पाठीवर चित्र छापलेलं:
खिळ्यांच्या जोड्या, आणि त्यांतल्या एका जोडीवर
घालायचं एक इवलंसं टोपण.
"जुनी मास्टर," एदेर्सन म्हणाला, "नवी स्लेव्ह."
सहज म्हणाला. कोर्समध्ये त्याला असंच शिकवलंय.

दारात शेंगा सोलत बसलेले न्यो लालाव थांबले.
"काय म्हणालास?"
"नुसतं नाव आहे ते, आजोबा."
"नाव नुसतं कसं असेल," ते म्हणाले,
आणि पुढची शेंग घेतली.

तेवढ्यात टोपण निसटलं.
तांदळाच्या कणीएवढं. फरशीही काळी, तेही काळं.
दोघंही गुडघ्यांवर. मेजाखाली मला एक मेलेलं झुरळ सापडलं,
गेल्या नाताळातली मेणबत्ती, आणि एक बटण.
"टोपण घातलंच नाही तर?"
एदेर्सननं लेबल उजेडात धरलं. दोनदा वाचलं.
"काहीच घातलं नाही, तर ही स्वतःला
स्लेव्हच समजते."

बराच वेळ शेंगांचाही आवाज आला नाही.

मग त्यानं मेलेल्या सीडी ड्राइव्हचं टोपण उपटलं
आणि दुसऱ्याच जोडीवर बसवलं. जुन्या डिस्कचंही तिथेच सरकवलं.
"आता केबल ठरवेल."
"काय ठरवेल?"
"जी टोकाला, ती मास्टर. जी मधे, ती..."
तो अडखळला. "ती मधली."
न्यो लालाव हसले, दात नसलेलं, पोटातून आलेलं.
"माणसांचंही तेच झालं, पोरा.
कोण किनाऱ्यावर कुठे उभा होता, एवढंच."

तीन स्क्रू लागले. चौथा नव्हता,
तिथे पुठ्ठ्याची घडी कोंबली.
बटण दाबलं: काळोख.
केबल अंगठ्यानं दाबून पुन्हा बसवली, पुन्हा बटण,
आणि आत काहीतरी
झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखं खाकरलं.
पडद्यावर दोघींचे नंबर, एकाखाली एक.
साफ होऊन तयार व्हायला तिनं तास घेतला.
तोवर आम्ही कालची काशुपा गरम करून खाल्ली,
तळाला लागलेली, म्हणून जास्त चांगली.

आठव्या वहीचं पान अजून काचेवर होतं:
ज्वाना. प्रौढ. गिनी किनाऱ्याची.
पुढे कॅप्टनचं नाव, आडनाव, हुद्दा,
ज्याची ती होती. तेवढी शाई मात्र भरपूर.

मशीननं एक चौकट उघडली. डिस्कला नाव द्या.
काठी लुकलुकत राहिली.
"ज्वाना लिहू?" मी विचारलं.
न्यो लालाव उठून आले, शेंगांची सालं मांडीवरून सांडत.
"किती अक्षरं मावतात यात?"
"बत्तीस."
ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
"मग," म्हणाले, "आडनावही मावेल."

खोक्याचं झाकण अजून लावलेलं नाही.
पहिलं टोपण इथेच कुठेतरी आहे.
कुणी अनवाणी आलं की
पायाला लागेल.