बारा आठवड्यांनी परत या

पहिलं सहाव्या आठवड्यात गेलं.
उद्यमनगरात त्या दिवशी लाईट नव्हती,
शीतल लवकर घरी आला, ग्रीसचे हात तसेच,
आणि काय झालं विचारायच्या आधी
त्याला बाथरूमच्या दारातली बादली दिसली.

दुसरं आठव्यात.
तिसऱ्याचा ठोका मी ऐकला होता,
राजारामपुरीत, मंगळवारी.
पुढच्या मंगळवारी तोच पडदा, तीच गार जेली,
आणि इतकी बडबडी ती मशीनवाली पोर
एकदम कमी बोलायला लागली.

मग मी वही घातली.
पपईची फोड, एक. कुंभोजच्या डोंगराच्या पायऱ्या.
शाहूपुरीतल्या खड्ड्यांतून गाडीवर मागं बसून आले
ती पंधरा मिनिटं.
नणंदेच्या पोरीच्या बारशात पाळण्याची दोरी ओढली, तेही लिहिलं.
सासूबाई म्हणाल्या, काहीतरी आडवं येतंय.
मला नाही म्हणाल्या.
भांडी घासता घासता भिंतीला म्हणाल्या.

डॉक्टर मुजावर बाईंनी वही सगळी वाचली.
हसल्या नाहीत. मिटून माझ्याकडं सरकवली.
"यातलं काहीच नाही," म्हणाल्या,
आणि निळ्या टोपणाच्या नळीत रक्त मागितलं.
"एकदा आलं तर धरायचं नाही.
बारा आठवड्यांनी परत या.
दुसऱ्यांदाही दिसलं, तरच ते आहे."

बारा आठवडे.
माझं एकही तेवढं टिकलं नव्हतं.
संशय मात्र टिकला,
आणि बाराव्या आठवड्यात त्याचा ठोका स्पष्ट होता.

प्रतिपिंडं, असा शब्द आहे.
आमच्या जैनात पिंड ठेवत नाहीत,
कावळ्याची वाट बघत नाहीत,
तरी तो शब्द मांडीवर घेऊन
मी केएमटीत बसले, गंगावेशीपर्यंत.

लहानपणी आख्ख्या गल्लीला कांजिण्या आल्या,
मी तेवढी अंगणात एकटी बिट्ट्या खेळत होते.
आई सांगत सुटायची, हिचं रक्तच खमकं.
त्या खमक्या रक्ताला आता
माझंच काहीतरी परकं वाटतंय,
आणि वार जिथं रुजते
तिथल्या केसाएवढ्या नळ्यांत ते गोठतंय.
वर काही पोचतच नाही.

शीतलला मी हे जेवताना सांगितलं.
तो भाकरी मोडायचा थांबला.
"कूलंटची नळी चोक झाली की टूल जळतंय," म्हणाला.
आणि बऱ्याच वेळानं,
"म्हणजे जॉबमध्ये खोट नव्हती."
उठून अंगणात गेला. गाडी पुसत बसला,
आधीच पुसलेली.

वार.
मंगळवार, बुधवार, यातला वार.
पाठीत बसतो तो वार.
आणि ती वार, जी बाळाबरोबर बाहेर येते,
जिची माझ्याकडं कधी वेळच आली नाही.
एकाच शब्दात माझं सगळं बसलं,
मला वही उगाच लागली.

आता चौथं.
रोज एक बारकी गोळी, आणि रात्री नऊला पोटात सुई.
लेथवर सुताचाही फरक न चालणारे त्याचे हात
पहिल्या रात्री इतके थरथरले
की मीच त्याचं मनगट धरलं.
टोचल्यावर चोळायचं नाही.
एक दिवस डावीकडं, एक दिवस उजवीकडं.
निळे डाग, मग हिरवे, मग पिवळे,
बेंबीभोवती बाजार भरल्यागत.
वापरलेल्या सुया काकवीच्या रिकाम्या बरणीत.
बाईंनी हमी दिलेली नाही.
मी मागितलीही नाही.

काल दहावा लागला.
पावणेनऊला सासूबाई आल्या,
फडक्यात बर्फाचा खडा गुंडाळून,
पदरानं हात पुसत,
माझ्या तोंडाकडं न बघता,
"आज कंच्या बाजूला?"

उजव्या, मी म्हणाले.
त्यांनी बर्फ ठेवला.
आणि काढायचं विसरल्या.